कायदा आला, कागद आला नाही: एका मुंडकार घराचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या आत्याच्या सासरच्या घराचं आहे. घर गोव्यातल्या एका वाड्यावर, माडांच्या बागेला लागून. गावाचं आणि तालुक्याचं नाव देत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे आणि समोरच्या कुटुंबाशी आत्याचं आजही येणं-जाणं आहे. चवथीला ती त्यांच्या गणपतीच्या पाया पडायला जाते, त्यांच्याकडून तिला नारळ आणि करंज्या येतात. मातीच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे सारवलेलं खळं, तुळस, मागे विहीर. जमीन भाटकाराची. आत्याचे आजेसासरे पोर्तुगीज अमदानीत बागेची राखण करायला म्हणून तिथे राहायला आले आणि घर त्यांनी स्वतःच्या हातांनी उभारलं. आज तिथे चौथी पिढी राहते. घरपट्टी भरतात, वीजबिल भरतात, रेशनकार्डावर पत्ता तोच आहे, मतदार यादीतही तोच. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीवर, मात्र त्यांचं नाव नाही.

आत्या हे एका वाक्यात सांगते: "घर आमचें, पूण कागद ना."

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक. त्याच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा तो मुंडकार. बदल्यात तो बागेवर लक्ष ठेवी, माडांवरचे नारळ पाडायच्या वेळी हजर राही, भाटकाराच्या घरी कार्य असलं की बायका-पोरांसह राबायला जाई. कूळ वेगळं आणि मुंडकार वेगळा. कूळ जमीन कसतो, मुंडकार जमिनीवर राहतो. कित्येक घरांत माणूस दोन्ही असतो आणि तिथे गुंता आणखी वाढतो. भाटकाराने "ऊठ" म्हटलं तर उठायचं, हा पिढ्यान् पिढ्यांचा धाक होता. मतदान कुणाला करायचं, मुलाला शाळेत घालायचं की नाही, हेसुद्धा या धाकातून ठरत असे.

सिंहावर शिक्का

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, पहिली विधानसभा निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, सर्वांत मोठा पक्ष म्हणून निवडून आला. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. सिंह हे त्या पक्षाचं चिन्ह. त्या सिंहावर शिक्का मारणाऱ्यांत आत्याचे सासरे होते, माझे आजोबा होते, वाड्यावरची बहुतेक घरं होती. महाराष्ट्रात विलीन होण्याच्या प्रश्नावर पुढे खूप बोललं गेलं, पण माझ्या आजोबांच्या बोलण्यात तो विषय क्वचितच येई. ते म्हणत, पहिल्यांदाच आमच्यासारख्यांचा कोणीतरी वर बसला. बहुजन समाजाने त्या पक्षाकडे पाहिलं ते या नजरेने.

आणि त्या पक्षाने काम केलं, हे आधी मान्य करायला हवं. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. माझी आत्या अशाच एका शाळेत शिकली, आमच्या घरातली अक्षर ओळखणारी पहिली बाई. १९६४ चा कूळ कायदा त्याच काळातला. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल विलीनीकरणाच्या विरोधात गेला, तरी दोन महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत लोकांनी पुन्हा मगोलाच सत्ता दिली. विलीनीकरणाला नकार देणाऱ्या त्याच मतदाराला जमीन आणि शाळा या कामांसाठी हा पक्ष हवा होता, असं मला वाटतं. पक्षाच्या पुढच्या नेत्यांना त्या निकालाचा हा अर्थ पुरता कळला नाही.

१२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब, म्हणजे बांदोडकर, गेले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ चा, तो अमलात आला १२ मार्च १९७६ ला. १२ मार्च हा भाऊसाहेबांचा जन्मदिवस. कायदा त्यांच्या मृत्यूनंतर आला, पण वाड्यावर तो त्यांच्याच नावाने ओळखला गेला. आत्याचे सासरे शेवटपर्यंत म्हणत, "भाऊन घर दिलां न्हय आमकां? आनी कितें जाय?" (भाऊंनी घर दिलं ना आम्हांला? आणखी काय हवं?)

खरा घोळ इथे झाला. भाऊंनी किंवा कायद्याने घर दिलं नव्हतं. घर मागण्याचा हक्क दिला होता.

कायद्यात काय होतं

मुंडकार कायद्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, भाटकाराला मनमानीने मुंडकाराला बाहेर काढता येणार नाही. दुसरी, मुंडकाराला घर आणि घराभोवतीची जागा विकत घेता येईल. पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटर, इतरत्र २०० चौरस मीटर. पहिली गोष्ट लगेच लागू झाली आणि तिचं मोल मोठं होतं. कायदा आल्यानंतर वाड्यावरून कोणालाही उठवलं गेलं नाही. माणसं ताठ मानेने भाटकाराच्या खळ्यात उभी राहू लागली.

दुसरी गोष्ट मात्र अर्जावर अवलंबून राहिली. आधी मामलेदाराकडून आपण मुंडकार आहोत असं जाहीर करून घ्यायचं. मग खरेदीचा वेगळा अर्ज. मग जागेची मोजणी, नकाशा, किंमत ठरणं, ती भरणं, प्रमाणपत्र, आणि शेवटी उताऱ्यावर नाव. प्रत्येक पायरीवर भाटकाराला म्हणणं मांडण्याची संधी, प्रत्येक आदेशावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, त्यावर प्रशासकीय लवादाकडे दाद, त्याच्याही वर उच्च न्यायालय. न्यायाच्या दृष्टीने यात चूक काही नाही. पण अर्जदार कोण होता हे पाहा: माडांवरचे नारळ पाडणारा, दुसऱ्याच्या शेतात राबणारा, सही करतानाही हात कापणारा माणूस.

१९७६ मध्येच कूळ कायद्याला जी पाचवी दुरुस्ती झाली, तिने कुळाला कायद्यानेच जमिनीचा मालक मानलं आणि किंमत ठरवणं मागाहून ठेवलं. मुंडकाराच्या बाबतीत तसं झालं नाही. दोन्ही कायदे एकाच पक्षाच्या सरकारचे, जवळपास एकाच काळातले. फरक का केला गेला असेल, याचा मी खूप विचार केला आहे. कसणाऱ्याची जमीन हा देशभर गाजलेला प्रश्न होता, त्याला तयार भाषा होती. घराच्या जागेचा प्रश्न गोव्याचा स्वतःचा होता आणि त्याला सावधपणे हात घातला गेला.

तरी कायद्यात एक दार उघडं होतं. गावनिहाय मुंडकारांची नोंदवही मामलेदाराने तयार करून ठेवावी, अशी तरतूद त्यात होती. ही नोंदवही त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, भाटकार आणि मुंडकार दोघांचीही जुनी माणसं हयात असताना, घरोघर फिरून भरली गेली असती तर आत्याचं प्रकरण उभंच राहिलं नसतं. कोण कुठे कधीपासून राहतं हे तेव्हा सगळ्या गावाला तोंडपाठ होतं. भाटकारसुद्धा नाकारत नव्हते. आत्याच्या सासऱ्यांचे भाटकार तर म्हणाले होते, करून घे रे नाव, माझी हरकत नाही. सासरे म्हणाले, घाई कसली आहे. गावातल्या जाणत्यांनीही हेच सांगितलं होतं की कायदा झाला, आता घर आपलंच. ते भाटकार १९८० च्या दशकात वारले. तोंडी संमती त्यांच्याबरोबर गेली.

अर्जाची वाट

अर्ज केला माझ्या आत्याच्या नवऱ्याने, १९९० च्या दशकात, घराची मागची भिंत पावसात खचली तेव्हा. भिंत नव्याने चिऱ्यांची बांधायची तर पंचायतीला भाटकाराची नाहरकत हवी होती. बँकेला कर्जासाठी जागेचा कागद हवा होता. दोन्ही नव्हतं. मग कोणीतरी सांगितलं की आधी मुंडकार म्हणून जाहीर व्हा.

नोटिसा काढायच्या तर कोणाला? भाटकाराची मालमत्ता वाटली गेली नव्हती. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याप्रमाणे सगळ्या मुलामुलींचा वाटा सारखा, आणि विवाहानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे वारसाबरोबर त्याचा जोडीदारही पक्षकार होतो. हा कायदा मला न्याय्य वाटतो, मुलींना तर त्याने खूप काही दिलं. पण मुंडकाराच्या अर्जावर त्याचा परिणाम असा की चार भावंडं, त्यांचे जोडीदार, त्यांतल्या मेलेल्यांचे वारस, असे तेरा जण समोर आले. एक शाखा मुंबईत, एक लिस्बनला, एकीचा पत्ताच नाही. नोटीस परत आली की पुढची तारीख. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची तर खर्च अर्जदाराचा.

मामलेदार बदलत राहिले. त्यात त्यांचाही दोष किती काढायचा! मामलेदार म्हणजे तालुक्याचा दंडाधिकारी, निवडणुकीच्या कामाचा माणूस, पूर आला की धावणारा, दाखले देणारा, मोर्चा आला की पुढे उभा राहणारा. या सगळ्यातून वेळ उरला तर मुंडकार. आत्या सकाळची बस पकडून जायची, अकरापर्यंत बाकावर बसायची, आणि शिपाई सांगायचा, साहेब मीटिंगला गेलेत. त्या दिवसाची मजुरी गेली. असे किती दिवस गेले ते तिने मोजले नाहीत. बसची तिकिटं मात्र एका पिशवीत ठेवली आहेत. का ठेवली असं विचारलं तर म्हणते, कधीतरी कोणी विचारील.

काका २००० नंतर वारले. मग मयताच्या जागी वारस म्हणून आत्याचं आणि मुलांचं नाव लावण्याचा अर्ज. त्यात दीड वर्ष. शेवटी आदेश आला, आत्याच्या बाजूने. तो दिवस मला आठवतो, तिने देवळात तेलाची समई लावली होती. दोन महिन्यांत वारसांपैकी एकाने अपील केलं आणि प्रकरण फेरसुनावणीसाठी परत खाली आलं. नोटीस नीट बजावली गेली नव्हती, हे कारण. आणि ते कारण खरं होतं.

ज्याने अपील केलं त्याच्याशी मी बोलले आहे. चांगला माणूस. त्याचं म्हणणं, "आमची जमीन आमच्याच भावंडांत वाटली जात नाही, तिथे मी एकट्याने सही कशी करू?" तोही अडकलेला आहे.

दारावर आलेले

या सगळ्या वर्षांत दर निवडणुकीला माणसं दारावर आली. वेगवेगळ्या चिन्हांची. आत्या प्रत्येकाला तेच विचारायची. एकाने पत्रे दिले, मागच्या भिंतीवर घालायला. एकाने मुलाला नोकरी लावतो सांगितलं. एकाने खळ्यात फरशी घालून देऊ म्हटलं. कागदाबद्दल सगळ्यांचं उत्तर एकच: करून देतो, निवडून आल्यावर या.

गोव्याचा मतदारसंघ लहान असतो. २०२२ च्या निवडणुकीत राज्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते आणि ४० जागा, म्हणजे एका आमदारामागे तीस हजारांहूनही कमी. थोड्याशा मतांनी निकाल फिरतो. अशा ठिकाणी आमदार प्रत्येक घराला ओळखतो आणि प्रत्येक घर आमदाराला. हे चांगलं असायला हवं होतं. प्रत्यक्षात त्यातून उपकाराचं नातं तयार झालं. पत्रा, नोकरी, नळ, आजारपणाची मदत: ही कामं एका घरापुरती होतात आणि लक्षात राहतात. मुंडकाराचा प्रश्न एका घरापुरता सोडवता येत नाही. तो सोडवायचा तर गावाची यादी लागते, वकील लागतो, मोजणीदार लागतो, आणि विधानसभेत वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारणारा माणूस लागतो. हे पक्षाचं काम आहे. एकटा आमदार ते करणार नाही, कारण पाच वर्षांत त्याचं फळ दिसत नाही.

म्हणून माझा रोख मगोवर येतो. इतर पक्षांनी फार केलं असं मी म्हणत नाही. पण कूळ-मुंडकार हा मगोच्या अस्तित्वाचा पाया होता, हिशेब त्यांच्याकडेच मागायला हवा.

एप्रिल १९७९ मध्ये पक्षातल्याच आमदारांनी साथ सोडल्यामुळे शशिकलाताईंचं सरकार कोसळलं. मुंडकार कायदा अमलात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगोला सात जागा मिळाल्या आणि त्यानंतर पक्षाचा मोठा भाग काँग्रेसमध्ये गेला. शशिकलाताईही गेल्या, पुढे परतल्या. १९८९ मध्ये लोकांनी पक्षाला पुन्हा १८ जागा दिल्या, काँग्रेसच्या २० च्या खालोखाल. हा मोठा विश्वास होता. दोन वर्षांच्या आत मगोतून फुटलेला गट काँग्रेसबरोबर गेला आणि जानेवारी १९९१ मध्ये रवी नाईक मुख्यमंत्री झाले. १९९४ मध्ये भाजपशी युती, जागा १२. १९९९ मध्ये चार. २००२ मध्ये दोन. २००७ मध्ये दोन, आणि काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या सरकारात मंत्रिपद. २०१२ मध्ये तीन, आणि भाजपच्या सरकारात मंत्रिपद. २०१७ ची निवडणूक भाजपच्या विरोधात लढवली, तीन जागा आल्या, आणि निकालानंतर भाजपचंच सरकार बनवायला मदत केली. मार्च २०१९ मध्ये तिघांपैकी दोन आमदार मध्यरात्रीनंतर भाजपमध्ये विलीन झाले, सुदिन ढवळीकर एकटे उरले आणि त्यांचं उपमुख्यमंत्रिपद गेलं. २०२२ मध्ये तृणमूल काँग्रेसशी युती करून दोन जागा, आणि निकालाच्या दिवशी भाजपला पाठिंबा.

सत्तेत राहिल्याशिवाय कामं होत नाहीत, असं याचं समर्थन केलं जातं. मला ते पूर्ण खोटं वाटत नाही. रस्ते आणि वीज त्यातून आली असेल. पण इतक्या वेळा सरकारात गेलेल्या पक्षाने मुंडकारांसाठी वेगळे मामलेदार द्या, नोंदवही पूर्ण करा, ही पाठिंब्याची अट म्हणून लावून धरलेली मला कधी दिसली नाही. खाती मागितली गेली. विरोधात असतानाही पक्षाने गावागावांत मुंडकारांच्या याद्या केल्या असत्या तर कोणी अडवलं नसतं. त्याला आमदार लागत नाहीत. वही लागते, आणि संध्याकाळी चार घरं फिरणारा शिकलेला मुलगा लागतो. पक्षाने काढलेल्या शाळांतून असे मुलगे-मुली हजारोंनी बाहेर पडले होते. मी त्यांतल्याच एकीची भाची.

हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण आमच्या घरात त्या पक्षाविषयी अजून माया आहे. माझे वडील भाऊसाहेबांचं नाव निघालं की आवाज खाली करून बोलतात. त्या मायेवर पक्षाने चार दशकं काढली.

आता कुठवर आलं आहे

प्रमोद सावंत यांच्या सरकारने मामलेदारांना शनिवारी मुंडकार आणि कुळांची प्रकरणं घ्यायला सांगितलं, त्याचा आत्याला उपयोग झाला. शनिवारी साहेब जागेवर असतात. फेरसुनावणीत तिला पुन्हा मुंडकार म्हणून जाहीर केलं गेलं. या वेळी सगळ्या नोटिसा नीट बजावल्या होत्या; लिस्बनच्या शाखेचा पत्ता आत्याच्या धाकट्या मुलाने फेसबुकवरून शोधून काढला. मुदतीत अपील झालं नाही.

मग खरेदीचा अर्ज. मोजणीदार मे महिन्यात आला. घर, खळं, तुळस, न्हाणी ३०० चौरस मीटरांत बसली. विहीर सव्वा मीटर बाहेर राहिली. ती विहीर आत्याच्या आजेसासऱ्यांनी खणलेली. मोजणीदार म्हणाला, पुढची बाजू थोडी सोडली तर रेषा मागे नेता येईल, पण मग तुळस बाहेर जाईल. आत्या बराच वेळ दोन्हींच्या मध्ये उभी राहिली.

"बाये, तू सांग," ती मला म्हणाली.

मी अपील केलेल्या त्या वारसाला फोन लावला. त्याने विहिरीपुरती लेखी संमती द्यायचं कबूल केलं आहे, फक्त बाकी बारा जणांच्या सह्या हव्यात. आठ आल्या आहेत. पुढची तारीख चवथीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी आहे.